शुश्रूषागृह : संस्थेची संस्कृती आणि नवप्रवर्तन

‘नर्सिंग होम’ हा शब्द मराठीत रुळला तो आपला एक अर्थ मागे टाकून. मुंबईत, पुण्यात किंवा नागपुरात अमुक एक जण नर्सिंग होममध्ये आहे असे म्हटले, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एखाद्या डॉक्टरचे दहावीस खाटांचे खाजगी रुग्णालय, बहुधा प्रसूतिगृह, उभे राहते. १९४९ सालच्या मुंबई नर्सिंग होम नोंदणी अधिनियमातही हाच अर्थ प्रधान आहे. अमेरिकेत मात्र ह्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेचे प्रयोजन निराळे आहे. वार्धक्याने किंवा दीर्घ व्याधीने परावलंबी झालेली माणसे तेथे येतात, आणि त्यांतील पुष्कळ जण बरे होऊन परतण्यासाठी नव्हे, तर अखेरपर्यंत राहण्यासाठी येतात. ह्या दुसऱ्या अर्थासाठी ‘शुश्रूषागृह’ हा मराठी पर्याय सोयीचा आहे. ‘शुश्रूषा’ ह्या शब्दाचा व्युत्पत्त्यर्थ ‘ऐकण्याची इच्छा’ असा आहे. सेवा हा अर्थ त्याला पुढे चिकटला. अमेरिकन शुश्रूषागृहांच्या गेल्या अर्धशतकातील सुधारणांचा इतिहास वाचताना ही व्युत्पत्ती वारंवार आठवावी असा आहे.

मराठी साहित्याला वार्धक्य अपरिचित नाही. वि. वा. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ १९७० साली रंगभूमीवर आले. जयवंत दळवी यांचे ‘संध्याछाया’ही त्याच दशकातले. पण दोन्ही नाटकांतील वृद्धांचे दुःख घराशी निगडित आहे. एकात घर दुरावते, दुसऱ्यात घर रिकामे होते. दुःख देणारी आपलीच माणसे असतात आणि म्हणून त्यांना नावे असतात. संस्थेत राहणाऱ्या वृद्धाच्या दुःखाला असा कर्ता सापडत नाही. त्याला सकाळी सहाला कोणी उठविले, ह्या प्रश्नाचे उत्तर ‘वेळापत्रकाने’ असे येते. संस्थेच्या संस्कृतीचा विचार येथून सुरू होतो.

अमेरिकन शुश्रूषागृहाचे पूर्वज दोन : गावोगावची दरिद्रीगृहे आणि आधुनिक रुग्णालय. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने निर्धन वृद्धांना साहाय्य देऊ केले. परंतु सार्वजनिक संस्थेत राहणाऱ्यांना ते मिळू नये अशी अट घातली. दरिद्रीगृहे नाहीशी व्हावीत हा हेतू होता. परिणाम असा झाला, की निराधार व आजारी वृद्धांसाठी खाजगी निवासगृहे निघाली, आणि त्यांतील काहींनी परिचारिका ठेवल्या. रुग्णालयांच्या बांधणीसाठी १९४६ साली झालेल्या हिल-बर्टन कायद्याचे अनुदान १९५४ च्या दुरुस्तीने शुश्रूषागृहांनाही मिळू लागले. मात्र इमारत रुग्णालयाच्या धर्तीवर असणे त्यासाठी आवश्यक ठरले. १९६५ साली मेडिकेअर व मेडिकेड ह्या योजना आल्या आणि पैशाचा ओघ वाढला. लांब बोळ, बोळाच्या मध्यावर परिचारिकांचे टेबल, एकेका खोलीत दोन खाटा, मध्ये पडदा, औषधांची ढकलगाडी, तीन पाळ्या : हा आराखडा रुग्णालयाकडून जसाच्या तसा आला. आठ दिवसांत घरी जाणाऱ्या रुग्णासाठी आखलेल्या जागेत माणसे वर्षानुवर्षे राहू लागली.

समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ‘सर्वंकष संस्था’ ही कल्पना मांडली. झोपणे, काम करणे आणि विरंगुळा हे आयुष्याचे तिन्ही व्यवहार एकाच जागी, एकाच अधिकाराखाली आणि एकाच वेळापत्रकानुसार जेथे चालतात, ती सर्वंकष संस्था. त्यांचे निरीक्षण मुख्यत्वे मनोरुग्णालयातील होते. परंतु अशा संस्थांच्या यादीत त्यांनी वृद्धांच्या निवासांनाही स्थान दिले होते. तुरुंग आणि वृद्धनिवास एका यादीत पाहून कोणी दचकेल. दचकणे अनाठायी आहे. गॉफमन हेतूंविषयी बोलत नव्हते, रचनेविषयी बोलत होते.

‘संस्थेची संस्कृती’ ह्या संकल्पनेला व्यवस्थापनशास्त्रात जे रूप मिळाले, त्यात एडगर शाइन यांच्या १९८५ च्या ग्रंथाचा वाटा मोठा आहे. शाइन यांनी संस्कृतीचे तीन थर मानले. वरच्या थरात डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टी येतात : इमारत, पोशाख, समारंभ. त्याखाली संस्था उच्चारते ती मूल्ये येतात. तळाशी गृहीते असतात. ती इतकी अंगवळणी पडलेली असतात की कोणी ती उच्चारीत नाही. नवप्रवर्तन बहुधा वरच्या थरात शिरते. नवी वस्तू आणता येते, नवे घोषवाक्य भिंतीवर लावता येते. ‘वृद्धाला पडू न देणे हे त्याच्या इच्छेहून महत्त्वाचे’ किंवा ‘ज्याचे शिक्षण अधिक त्याने ठरवावे’ ही गृहीते मात्र जागची हलत नाहीत, आणि मग नवी वस्तू जुन्या गृहीताची चाकरी करू लागते.

ह्याचे अत्यंत साधे उदाहरण १९७६ सालचे आहे. मानसशास्त्रज्ञ एलेन लँगर आणि ज्यूडिथ रोडिन यांनी कनेटिकट राज्यातील एका शुश्रूषागृहाच्या दोन मजल्यांवर एक प्रयोग केला. दोन्ही मजल्यांवरील वृद्धांना कुंडीतले रोप मिळाले, दोन्हीकडे चित्रपट दाखविण्यात आला. एका मजल्यावर सांगितले गेले, की रोप हवे की नको आणि कोणते हवे हे तुम्ही ठरवा, त्याची निगा तुम्हीच राखा, चित्रपट कोणत्या रात्री पाहायचा तेही तुम्हीच ठरवा. दुसऱ्या मजल्यावर रोप हातात ठेवून सांगितले गेले, की पाणी परिचारिका घालतील, आणि चित्रपटाची रात्र नेमून दिली गेली. तीन आठवड्यांनंतर पहिल्या मजल्यावरील माणसे अधिक उत्साही, अधिक जागरूक आणि इतरांत अधिक मिसळणारी आढळली. दीड वर्षानंतरच्या पाहणीतील मृत्युसंख्येच्या आकडेमोडीत पुढे दुरुस्ती करावी लागली, त्यामुळे तिच्यावर फार भार टाकणे योग्य नव्हे. पण मूळ निरीक्षणाचे महत्त्व त्याने उणावत नाही. रोप दोन्हीकडे होते. फरक होता तो पाणी कोणी घालायचे ह्यात.

गृहीत बदलले तर काय होते, हे बांधून ठेवण्याच्या प्रथेच्या इतिहासात अधिक ठळकपणे दिसते. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकन शुश्रूषागृहांतील दर दहा वृद्धांपैकी सुमारे चार जणांना दिवसाचा काही काळ पट्ट्याने, जाकिटाने किंवा खुर्चीला जोडलेल्या फळीने जखडलेले असे. ह्यात कोणाला क्रौर्य दिसत नव्हते. पडून हाड मोडू नये म्हणून घेतलेली ती काळजीच मानली जाई. ह्याच देशात, पेन्सिल्व्हेनियातील क्वेकर परंपरेच्या केंडल ह्या संस्थेत १९७३ पासून कोणालाही बांधण्यात येत नव्हते. उपकरण तेथे निराळे नव्हते, निधीही चमत्कार वाटावा इतका नव्हता. बांधणे हा पर्यायच नाही असे एकदा धरून चालल्यावर माणूस का उठतो आहे, त्याला तहान लागली आहे की लघवीला जायचे आहे, हे विचारणे कर्मचाऱ्यांना भाग पडले. बांधलेल्या माणसाला काय हवे ते कळण्याची गरज उरत नाही. सोडलेल्या माणसाचे ऐकावे लागते. १९८७ साली काँग्रेसने शुश्रूषागृह सुधारणा कायदा केला. त्याने अनावश्यक बंधनांपासून मुक्तता हा निवाशाचा हक्क ठरविला आणि साहाय्यकांसाठी किमान ७५ तासांचे प्रशिक्षण सक्तीचे केले. पुढील वर्षांत बांधलेल्यांचे प्रमाण झपाट्याने घटत गेले. कायद्याने संस्कृती बदलत नाही हे वचन फार सैलपणे वापरले जाते. येथे कायद्याने तिला हलविले हे मान्य केले पाहिजे. अर्थात केंडलचे जिवंत उदाहरण समोर नसते तर ‘हे शक्यच नाही’ हा युक्तिवाद अधिक काळ टिकला असता.

१९९१ साली न्यूयॉर्क राज्यातील न्यू बर्लिन ह्या लहानशा गावी चेस मेमोरियल शुश्रूषागृहात बिल थॉमस हे एकतीस वर्षांचे डॉक्टर वैद्यकीय संचालक म्हणून रुजू झाले. ऐंशी वृद्धांची ही संस्था वाईट नव्हती; तपासणीत ती नीट उतरत असे. थॉमस यांना तेथे तीन व्याधी दिसल्या, ज्यांवर औषध दिले जात नव्हते : एकटेपणा, असहायता आणि कंटाळा. ह्यांतील मधली व्याधी सर्वांत कमी लक्षात येते. एकटेपणावर भेटीगाठी आणि कंटाळ्यावर करमणूक हे उपाय कोणालाही सुचतात. असहायतेवर उपाय एकच : त्या माणसाने कोणासाठी तरी काही करावे अशी परिस्थिती निर्माण करणे. संस्थेची सारी रचना ह्याच्या उलट दिशेची होती. सेवा देणारे एका बाजूला, घेणारे दुसऱ्या बाजूला.

थॉमस यांनी राज्याकडे प्रयोगासाठी अनुदान मागितले आणि नियमांतून सूट मिळविली. नियमानुसार एक कुत्रा किंवा एक मांजर ठेवता येत होते. त्यांनी दोन कुत्रे, चार मांजरे आणि शंभर पोपट (लहान जातीचे, पिंजऱ्यातले) आणण्याचे ठरविले. शिवाय ससे, अंडी देणाऱ्या कोंबड्या, प्रत्येक खोलीत रोपे, हिरवळीच्या जागी भाजीचा वाफा आणि कर्मचाऱ्यांच्या मुलांचा वावर. हे सारे क्रमाक्रमाने न आणता जवळजवळ एकदम आणले गेले, आणि ह्या घाईत थोडे शहाणपणही होते. संस्कृतीचे जडत्व थॉमस ओळखून होते. एकेक गोष्ट आणली असती तर जुन्या दिनक्रमाने ती एकेक करून पचविली असती. आठवड्यातून एकदा येणारा ‘पाळीव प्राण्यांचा तास’ एवढेच तिचे रूप उरले असते. पोपट आले त्या दिवशी पिंजरे पोचलेलेच नव्हते. पक्षी केशकर्तनाच्या खोलीत सोडून दार लावून घेतले गेले. मागाहून पिंजऱ्यांचे सुटे भाग आले ते जोडण्यात कर्मचाऱ्यांचे तासन् तास गेले, आणि वृद्ध मंडळी काचेतून ही धांदल पाहत बसली. संस्थेत ठरल्याबाहेरचे काही घडले होते.

नंतरचा प्रश्न मात्र गमतीचा नव्हता. कुत्र्याने जमिनीवर घाण केली तर ती कोणी काढायची? परिचारिका म्हणत, आमचे शिक्षण ह्यासाठी झालेले नाही. ह्या वरवर क्षुल्लक भांडणात संस्थेची संपूर्ण श्रेणीव्यवस्था उघडी पडते. भारतीय वाचकाला ती समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. घरात ज्याला घाण दिसते तो ती काढतो. संस्थेत ते काम कोणाचे हे आधी पाहिले जाते. चेस मेमोरियलमध्ये हा वाद काही महिने धुमसत राहिला, आणि तो ज्या प्रमाणात मिटला त्या प्रमाणातच प्रयोग पुढे सरकला असे म्हणता येईल. अबोल मानलेली माणसे बोलू लागली, न चालणारी माणसे कुत्र्याला फिरवून आणतो असे सांगत परिचारिकांच्या टेबलापाशी आली.

ह्या प्रयोगाची सर्वांत वाचनीय हकिकत अतुल गावंडे यांच्या ‘बीइंग मॉर्टल’ (२०१४) ह्या ग्रंथात आहे. जवळच्या एका शुश्रूषागृहाशी दोन वर्षे तुलना केली असता चेसमध्ये दर माणशी औषधांची संख्या निम्म्यावर आली, औषधखर्च तुलनेच्या संस्थेच्या ३८ टक्के इतकाच राहिला आणि मृत्यूंचे प्रमाण १५ टक्क्यांनी घटले, असे त्यांनी नोंदविले आहे. एका संस्थेवरून काढलेले हे आकडे आहेत हे विसरता कामा नये. ‘ईडन पर्याय’ ह्या नावाने ही पद्धत देशभर पसरली, आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका तौलनिक अभ्यासात वर्षभराच्या अंमलानंतर निवाशांच्या प्रकृतीत वा आयुर्मानात लाभ आढळून आला नाही. टीकाकारांनी ह्यावरून पद्धतच पोकळ ठरविली. त्याहून सयुक्तिक अर्थ असा, की कुत्री, पक्षी आणि कुंड्या नेता येतात. घाण कोणी काढायची ह्यावरचे भांडण आणि त्याचा निकाल नेता येत नाही. तो प्रत्येक संस्थेला आपल्या घरी नव्याने लावावा लागतो, आणि त्याला वर्ष पुरत नाही.

१९९७ साली न्यूयॉर्क राज्यातीलच रॉचेस्टर येथे अशा निरनिराळ्या प्रयोगांची मंडळी एकत्र जमली. त्यांच्या मेळ्यातून पुढे ‘पायोनियर नेटवर्क’ ही संघटना उभी राहिली, आणि चळवळीला ‘संस्कृतिपरिवर्तन’ हे नाव मिळाले. भाषेच्या अभ्यासकाला ह्या चळवळीचे एक अंग विशेष लक्षणीय वाटेल. तिने आपले एक लक्ष्य शब्दसंग्रह हे ठरविले. ज्याला भरवावे लागते तो माणूस शुश्रूषागृहाच्या बोलीत ‘फीडर’ होता. जो हिंडतो तो ‘वाँडरर’. माणसांची मोजदाद खाटांनी होई. जो ऐकत नाही तो नोंदवहीत ‘असहकारी’ ठरे, आणि त्याला न्याहारी आठाऐवजी दहाला हवी होती एवढाच त्याचा अपराध असे. चळवळीने ‘विभाग’ ऐवजी ‘शेजार’, ‘रुग्ण’ ऐवजी ‘वडीलधारे’ असे शब्द सुचविले. शब्दबदलाचे हे राजकारण भारतीय भाषांना नवे नाही, आणि त्याची मर्यादाही नवी नाही. जेवताना गळ्याशी बांधायच्या लाळेऱ्याला ‘वस्त्ररक्षक’ म्हटल्याने तो बांधू की नको हे विचारले जाईलच असे नाही. तरीही हे शब्द निव्वळ सजावट म्हणून सोडून देता येत नाहीत. खाटेला मत नसते. शेजाऱ्याला असू शकते. जेथे नव्या शब्दाबरोबर कामाची वाटणीही बदलली तेथे शब्दाने जीव धरला.

ह्या वाटणीचा सर्वांत धाडसी प्रयत्न म्हणजे ‘ग्रीन हाउस’. थॉमस यांचीच ही कल्पना; ती प्रथम २००३ साली मिसिसिपी राज्यातील टुपेलो येथे, मेथॉडिस्ट पंथाच्या वृद्धसेवा संस्थेत, मूर्त झाली. दहा वृद्धांचे एक घर. प्रत्येकाला स्वतंत्र खोली व न्हाणीघर, मध्यभागी चूल आणि सर्वांना एकत्र बसता येईल असे एक लांब मेज. बोळ नाही, परिचारिकांचे टेबल नाही. पण वास्तूपेक्षा महत्त्वाचा होता अधिकाराचा फेरबदल. शुश्रूषागृहाच्या उतरंडीत सर्वांत तळाशी असते ती साहाय्यक; बहुधा स्त्री, पुष्कळदा कृष्णवर्णी वा स्थलांतरित, तुटपुंज्या वेतनाची, आणि वृद्धांच्या सर्वाधिक सहवासातली. ग्रीन हाउसमध्ये स्वयंपाक, स्वच्छता, वैयक्तिक सेवा आणि दिवसाची आखणी हे सारे तिच्याकडे आले. त्यासाठी तिला सुमारे १२० तासांचे अधिक प्रशिक्षण मिळाले. परिचारिका आणि डॉक्टर घरी येणाऱ्या पाहुण्यांसारखे येऊ लागले. वैद्यकीय बाबतीत त्यांचा शब्द कायम राहिला, पण घर त्यांच्या हाताखाली राहिले नाही.

ह्या साहाय्यकेला थॉमस यांनी जे नाव दिले ते भारतीय साहित्यांच्या अभ्यासकांना ओळखीचे वाटेल : ‘शाहबाज’. फार्सीतला राजाचा बाज, शाही ससाणा. उर्दू व फार्सी काव्यपरंपरेत उंच भरारीचे आणि स्वाभिमानाचे प्रतीक म्हणून वावरलेला हा पक्षी मिसिसिपीच्या एका गावात भात शिजविणाऱ्या आणि वृद्धांना न्हाऊ घालणाऱ्या स्त्रीचे पदनाम झाला. अनेकवचन मात्र ‘शाहबाझिम’ असे, हिब्रू धर्तीचे, करण्यात आले. भाषाशास्त्राला न विचारता केलेला हा संकर कानाला थोडा खटकतो. पण इंग्रजीतील कोणताही उपलब्ध शब्द घेतला असता तर त्याच्याबरोबर जुनी पायरीही आली असती, ही अडचण खरी होती. परकेपणा हाच ह्या शब्दाचा उपयोग होता.

टुपेलोच्या घरांचा २००७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास निवाशांच्या जीवनमानात स्पष्ट सुधारणा दाखवितो. २०२० च्या महासाथीत मोठ्या शुश्रूषागृहांच्या मानाने ह्या लहान घरांत संसर्ग आणि मृत्यू दोन्ही कमी राहिले, असे पुढील वर्षीच्या अभ्यासातून दिसले. एरव्ही सुखासाठी केलेली रचना तेथे जीव वाचविणारी ठरली. तरीही देशातील सुमारे पंधरा हजार शुश्रूषागृहांच्या तुलनेत अशा घरांची संख्या काही शतकांपलीकडे गेलेली नाही. खर्च हे एक कारण आहेच. दुसरे कारण ग्रीन हाउसांच्याच अंतर्गत अभ्यासांतून पुढे आले. त्यांतील काही घरे कालांतराने जुन्या वळणावर घसरू लागली, आणि ही घसरण एखाद्या मोठ्या निर्णयाने झाली नाही. एखादी लहान अडचण उद्भवली, शाहबाजांना न विचारता ती वरून सोडविली गेली, आणि असे वारंवार होत गेले. ज्या घरांत त्याच अडचणी साऱ्यांनी मेजाभोवती बसून सोडविल्या, तेथे नवी रीत उलट बळावली. नवप्रवर्तनाची परीक्षा उद्घाटनाच्या दिवशी होत नाही. ती एखाद्या मंगळवारी एक जण रजेवर असताना होते.

गावंडे यांच्या ग्रंथात आणखी एक वृद्ध आहे, आणि तो मराठी आहे. त्यांचे आजोबा सीताराम गावंडे यवतमाळ जिल्ह्यातील उटी गावी जवळजवळ एकशे दहा वर्षे जगले. वयाची शंभरी उलटल्यावरही घोड्यावरून शेताची पाहणी करण्याचा त्यांचा हट्ट कुटुंबाने चालू दिला. पडण्याचा धोका होताच. म्हणून घोडा लहान आणला आणि बरोबर माणूस दिला. अमेरिकेत असते तर त्यांची रवानगी शुश्रूषागृहात झाली असती, असे नातवाला वाटते. मात्र ह्या व्यवस्थेची किंमत तरुण पिढीने, विशेषतः सुनांनी, मोजलेली असते. ती किंमत मोजण्यास पुढची पिढी तयार नाही, आणि तिला दोष देण्याचे कारण नाही.

ह्या पालटाची चाहूल भारतीय कायद्याला लागली आहे. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह आणि कल्याणाच्या २००७ सालच्या अधिनियमातील एकोणिसाव्या कलमानुसार राज्य शासनाला निर्धन ज्येष्ठांसाठी टप्प्याटप्प्याने, प्रत्येक जिल्ह्यात किमान एक ह्या हिशेबाने, वृद्धाश्रम स्थापिता येतील, आणि त्यांत किमान दीडशे जणांची सोय असावी अशी अपेक्षा आहे. त्यांच्या व्यवस्थापनाच्या योजनेत वैद्यकीय सेवा आणि मनोरंजनाची साधने ह्यांचा उल्लेख येतो. थॉमस यांच्या तीन व्याधींपैकी कंटाळ्याची दखल येथे घेतली गेली आहे. दीडशे माणसांच्या स्वयंपाकघरात सकाळचा चहा किती वाजता होईल आणि तो कोण ठरवील, हे प्रत्येक राज्याने केलेल्या नियमांवर आणि त्याहूनही तेथे नेमल्या जाणाऱ्या अधीक्षकांच्या सवयींवर सोपविलेले आहे. मराठी वृद्धाश्रमांत निवाशांना ‘आजी’, ‘आजोबा’, ‘काका’ असे संबोधण्याची रीत आहे. अमेरिकन चळवळीला जो शब्द मुद्दाम शोधावा लागला तो येथे आयताच आहे. घरातल्या आजीला चहा कधी हवा हे जसे तिला विचारले जाते, तसे ह्या आजीला विचारण्याची तरतूद मात्र अजून कोणत्याही वेळापत्रकात छापलेली नसते.